बांधावरची थुंकी

आषाढात बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मामाच्या शेतावर रोपलावणीला गेलो होतो. गेलो म्हणजे चहाची किटली घेऊन बांधावर उभा राहायला. गवताच्या दहा-बारा काड्यांना पांढरा फेस चिकटलेला दिसला. चिखलातून वर येत मामी म्हणाली, "कोण मुडदा थुंकलाय बघ हितं!" लावणीला आलेली कन्नड बाई वाकल्या वाकल्याच बोलली, "यारो उगुळ्यार." दोन भाषांत एकच निकाल. आमच्याकडे एवढं एकमत क्वचितच होतं.

नाक मुरडत मी भाताच्या पातीनं फेस बाजूला सारला. आत तांदळाच्या दाण्याएवढा पोपटी, लुसलुशीत जीव. डोकं खाली, बूड वर. उघडा पडल्यावर तो काडीवरून जरासा सरकला, थांबला, तोंड खुपसलं आणि शेपटाकडचं टोक वरखाली हलवू लागला. टोकाशी एक बुडबुडा आला, मग दुसरा.

"काय बघूलालास रे?" मामीनं विचारलं. म्हटलं, मामी, ही थुंकी नव्हे. हा किडा मुळाकडून वर चढणारं झाडाचं पाणी पितो. त्यात सत्त्व अगदी नावाला, म्हणून पोट भरायला बदाबदा प्यावं लागतं. जास्तीचं मागून बाहेर पडतं, त्यात हवा घुसळली की झाला फेस. आत ऊन लागत नाही आणि मुंग्याही सहसा फिरकत नाहीत. मामीनं चहाची बशी खाली ठेवली. "मग थुंकीच बरी होती की!"

आमच्या बांधावरच्या या किड्याचा एक चुलतभाऊ जगप्रसिद्ध आहे. फिलीनस स्प्युमेरियस त्याचं नाव. युरोपभर, उत्तर आफ्रिकेत, अफगाणिस्तानापासून पार जपानपर्यंत त्याची वस्ती. माणसाबरोबर तो अमेरिकेत आणि न्यूझीलंडलाही पोचला. लांबी जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, तोंडवळा बेडकासारखा, आणि उडी ७० सेंटिमीटर उंच! इटलीतल्या पुलिया भागात २०१३ साली ऑलिव्हच्या झाडांत एक घातक जीवाणू सापडला. तो झाडोझाड पोचवणारा हाच. लाखो झाडं वाळली. तेव्हापासून तिकडे या फेसाला कुणी हसत नसावं.

मला मात्र त्याच्या रंगांची गंमत वाटते. गवती पिवळा, तपकिरी, पट्ट्यांचा, ठिपक्यांचा, पांढऱ्या डोक्याचा, जवळजवळ काळा, असे विसेक प्रकार. काही गडद नक्षी तर बहुतेक ठिकाणी माद्यांच्याच अंगावर. (शहापूरच्या साडीच्या दुकानात बसलं की हे पटायला वेळ लागत नाही.) १७५८ साली जीवांना शास्त्रीय नावं देणारा खुद्द लिनिअसही इथं फसला. एकाच किड्याची वेगवेगळी रूपं पाहून त्यानं ती वेगवेगळ्या जाती म्हणून नोंदवली आणि प्रत्येकीला नाव दिलं. मला त्याला हसवत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर बेळगाव, शाळेच्या दाखल्यावर बेलगाम आणि २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. कचेरीच्या खिडकीतल्या साहेबांना हे एकच गाव आहे हे पटवण्यात माझी अख्खी सकाळ गेली होती. किड्याला निदान दाखले तरी जोडावे लागत नाहीत.

श्रावणात पुन्हा गेलो. भात गुडघ्याला लागलं होतं. काडीवरचा फेस आटून नुसतं पापुद्र्यासारखं काहीतरी उरलेलं. शेजारच्या पातीवर मोठा झालेला किडा बसला होता. मामीला आणि त्या कन्नड बाईला हाक मारली, दोघी वाकल्या, आणि टिच्! पात तेवढी हलत राहिली.

"तपकिरी होता," मामी म्हणाली.

"कर्रग इत्तु," बाई म्हणाली. म्हणजे काळा होता.

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी किटलीचं झाकण उघडून चहा उरलाय का ते बघितलं.