तिथी नसलेला पाहुणा

लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची आखणी घरी बसून करताना सगळे सोपे वाटते. दिवसाला ८० ते १०० किलोमीटर धरायचे आणि मुक्कामांची नावे वहीत ओळीने लिहून काढायची. मग एके दुपारी समोरून वारा सुटतो. सपाट रस्त्यावरही सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्ची पडते, त्यात मागे सामानाच्या फुगलेल्या पिशव्या. ताशी १८ किलोमीटरचा वेग बघता बघता १० वर येतो आणि दिवस मावळताना आपण अशा गावात पोचतो, ज्याचे नाव वहीत कुठेच नसते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ मला अशाच एका संध्याकाळी उमगला.

सायकलवाल्याला लोक इतक्या सहज घरात कसे घेतात, याचा मी बराच विचार केला आहे. मला वाटते, त्याचे सगळे उघड्यावर असते, हे त्याचे मुख्य कारण. घाम, धाप, धुळीने माखलेले पाय, दोरीने बांधलेले अंथरूण, यांतले काहीच त्याला लपवता येत नाही, आणि काही आगळीक करून पळून जाण्याइतका वेगही त्याच्यापाशी नसतो. अशा माणसाला भ्यायचे तरी कशासाठी? तरीही पहिला शब्द त्यालाच बोलावा लागतो, आणि पाणी मागणे हे त्यासाठी सर्वांत सोयीचे निमित्त. बाटली अर्धी भरलेली असतानाही मी पाणी मागितले आहे. ही लबाडी आहे हे मान्य. पण निवाऱ्याची जागा एकदम विचारण्यापेक्षा ती बरी, कारण समोरच्यालाही आपल्याला निरखून घ्यायला तेवढी उसंत मिळते.

थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये पुढचे चाक भलेमोठे असलेल्या त्या जुन्या धाटणीच्या उंच सायकलवर सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ च्या डिसेंबरात योकोहामाला पोचला. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मानला जातो. त्याचे सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण म्हणूनही वापरायचा रेनकोट, आणि एक रिव्हॉल्व्हर. तुर्कस्तानात गावोगाव लोक त्याला घेरून ‘बिन, बिन’, म्हणजे ‘चढ, चढून दाखव’, असा धोशा लावत. दिवसभर दमलेल्या माणसाने पुन्हा त्या उंच चाकावर चढून गावाला फेरी मारून दाखवायची! त्याला याचा वैताग येई, आणि ते स्वाभाविकच आहे. मला मात्र त्यात एक न्याय दिसतो. पाहुण्याने यजमानाला काहीतरी द्यायला हवे, आणि त्याच्याजवळ देण्यासारखे तेवढेच होते. १९६३ च्या जानेवारीत आयर्लंडहून भारताकडे सायकलने निघालेल्या डर्व्हला मर्फी यांच्याजवळही पिस्तूल होते, आणि वाटेत लांडग्यांवर ते झाडावेही लागले. माणसांवर विश्वास टाकून निघालेल्यांनीही थोडी दारूगोळ्याची तरतूद ठेवली होती, याचा मला उगीचच दिलासा वाटतो.

कारण खरी अडचण भीतीची नसून ओशाळलेपणाची असते. पैसे पुढे केले की यजमान दुखावतो आणि नुसते आभार मानले की आपल्यालाच अपुरे वाटते. सायकलस्वारांनीच एकमेकांना विनामूल्य आसरा देण्यासाठी १९९३ पासून चालवलेल्या ‘वॉर्मशॉवर्स’ या जाळ्यात ही अडचण शिताफीने सुटली आहे: आज तुम्ही माझ्याकडे उतरा, उद्या मी आणखी कोणाकडे. कढत पाण्याने आंघोळ या एका गोष्टीवरून नाव ठेवणाऱ्यांना पाहुण्याची गरज नेमकी ठाऊक आहे, यात शंका नाही. पण तिथे आधी कळवून जायचे असते. म्हणजे तिथी आली.

त्या संध्याकाळी माझ्या मागच्या चाकाची हवा गेली होती. ज्यांच्या ओसरीवर मी टेकलो, त्या आजोबांनी न विचारताच पाण्याची बादली आणून ठेवली. मी ट्यूब पाण्यात थोडी थोडी दाबत सरकवत होतो आणि ते कंदील खाली धरून बुडबुडे शोधत होते. बारीक बुडबुड्यांची माळ उठली ती आधी त्यांनाच दिसली. त्यांनी तिथे बोट ठेवले आणि मी जागा घासून, सोल्युशन वाळेपर्यंत थांबून पॅच बसवेपर्यंत ते उचलले नाही. आमची भाषा एक नव्हती, त्यामुळे मी कुठून आलो, कुठे चाललो आणि मुख्य म्हणजे कशासाठी, हे प्रश्न टळले.

पहाटे निघालो तेव्हा ते दिसले नाहीत. सायकल मात्र भिंतीला नीट टेकवून ठेवलेली होती आणि दोन्ही चाकांत कोणीतरी पंपाने हवा ठासली होती, दगडासारखी. त्या खडबडीत रस्त्याला ती फारच जास्त होती. मनगटांपासून दातांपर्यंत सगळे खिळखिळे होत होते. हवा थोडी सोडायला अर्धा मिनिटही लागला नसता. दुपारपर्यंत मी तशीच चालवली.