आण्णांची खुर्ची

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहा म्हणून पत्र आलं, त्यात माझ्या नावापुढे 'माजी ग्रामपंचायत सदस्य' असं होतं. शाळेत असताना माझी ओळख वेगळी होती. 'त्या पिणाऱ्याची पोरगी'. मनोगत लिहायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आण्णा कोरेगावच्या बाजारपेठेत हमाल. वाघ्या घेवड्याची पोती उतरायला लागली की हातात पैसा खुळखुळायचा आणि नेमके तेच महिने आमच्या घरात वाईट जायचे. सातवीत पंधरा ऑगस्टला माझं भाषण होतं. झेंडावंदन झालं आणि फाटकातून आण्णा आले, दोन पावलं पुढे, एक मागे. पाऊस पडून पटांगणात चिखल झालेला, त्यातच त्यांनी बसकण मारली. पोरं खिदळायला लागली. कोणीतरी त्यांना बखोटीला धरून बाहेर काढणार, तेवढ्यात आमच्या वर्गाच्या बाई ऑफिसातून लोखंडी घडीची खुर्ची घेऊन आल्या, स्वतः उचलून. पालकांच्या ओळीत मांडली आणि म्हणाल्या, "या, इथं बसा. तुमच्या मुलीचं भाषण आहे."

गावात आण्णांना अहो-जाहो करणारं तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. माझी पाळी येईपर्यंत ते खुर्चीत झोपूनही गेले. भाषण त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी बाईंनी या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही. 'स्वातंत्र्य'मधला शेवटचा 'य' तू खाल्लास, एवढंच म्हणाल्या.

(पंधरा ऑगस्टला दारूची दुकानं बंद असतात हे मला फार पुढे कळलं. म्हणजे मागचं दार तेव्हाही होतंच.)

मला गावातच दिली. 2011 साली पंचायतींत बायकांच्या जागा निम्म्या झाल्या, पुढच्या सोडतीत आमचा वॉर्ड महिलांसाठी निघाला आणि घरच्यांनी मला उभं केलं. हिला सही येते, एवढीच त्यांच्या लेखी पात्रता. वर्षभर मीही सह्याच केल्या. मग एका संध्याकाळी पाच-सहाजणी ओट्यावर येऊन बसल्या. देशी दारूचं दुकान बंद करायचं होतं.

सरकारच्या 2008 च्या आदेशाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान घेतात. मतपत्रिकेवर दोन बाटल्या, दुकान चालू हवं तर उभी, बंद हवं तर आडवी. ऐकायला सोपं. पण आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. म्हणजे जी घरात बसली ती उभ्या बाटलीची झाली. नाव न कमी केलेल्या मेलेल्या म्हाताऱ्या, सासरी गेलेल्या लेकी, पुण्या-मुंबईला कामाला असलेल्या, सगळ्या दुकानवाल्याच्या खात्यात. जेवणं उरकली की मी यादीवर बोट ठेवून बसायची. ज्यांची नावं अजून इथंच होती त्या लेकींना आणायला टेंपो ठरवला. चालवायला माझा सख्खा दीर, त्याच दुकानाचं रोजचं गिऱ्हाईक! खेपा तेवढ्या सकाळच्याच ठेवल्या.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. तरण्या सुनांना पिणाऱ्यांची धिंड काढायची होती. चपलांचा हार ओवून तयार, गाढवसुद्धा हेरून ठेवलेलं. मी नाही म्हटलं. "तुझा दीर हाय ना त्यात, म्हणून," एकजण तोंडावर बोलली. दीर होता हे खरंच. पण मला चिखलातले आण्णा दिसत होते आणि खिदळणाऱ्या पोरांत उभी असलेली मी. म्हटलं, "बायांनो, धिंड बापाची निघते, पण दुसऱ्या दिवशी शाळेत पोरीला जायचं असतं." हार सुटला, पण दोघी उठून गेल्या त्या गेल्याच. त्यातल्या एकीच्या हातावर चटक्याचा डाग होता. तिला थांब म्हणायचा हक्क मला होता का, हे माझं अजून ठरत नाही.

मतदान आपल्याच शाळेत झालं, सातवीच्या खोलीत. निकाल गावाला माहीत आहे, दुकानाच्या जागी आता पिठाची गिरणी आहे. आण्णा तोवर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आली, काठी टेकत, नवं लुगडं नेसून. महिनाभर मी दारोदार सांगत होते, मत गुप्त असतं, नवऱ्यालासुद्धा कळत नाही, भिऊ नका. ती बाहेर आल्यावर मात्र मलाच राहवलं नाही. शिक्का कुठं मारलास, म्हणून विचारलं.

आईने बोटाची शाई पदराला लागू नये म्हणून हात लांब धरला होता.

"इचारू नगंस," ती म्हणाली. "गुप्त असतंय."