सोळा बाय साडेदहाचे माजघर

पुण्यात सहकारनगरमधल्या आमच्या घराचा हॉल १६ फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद आहे. पाच माणसांची दोन वेळची जेवणे तिथेच होतात, आठवीतल्या मुलीचा अभ्यास तिथेच चालतो, पाच वर्षांच्या मुलाचा खेळ तिथेच मांडला जातो आणि आठवड्यातले तीन दिवस मीही तिथूनच कार्यालयाचे काम करते. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही सोय तात्पुरती वाटली होती; पुढे ती कायमची झाली आणि खोलीचा नव्याने विचार करणे भाग पडले.

घर घेतले त्या वर्षी आम्ही एका दुकानातून काचेचा पृष्ठभाग असलेले, सहा खुर्च्यांचे टेबल हौसेने आणले होते. ते पाच फूट बाय तीन फुटांचे होते आणि खोलीच्या मधोमध मांडले होते. खुर्ची मागे ओढून माणसाला उठता-बसता यावे आणि त्याच्या मागून दुसऱ्याला जाता यावे, यासाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट लागतात. म्हणजे साडेदहापैकी नऊ फूट रुंदी एका टेबलानेच अडवली होती, आणि तीही दिवसातल्या जेमतेम दीड तासासाठी. उरलेल्या वेळात मुलगा टेबलाखाली खेळे आणि मी वर काम करत असताना काचेतून त्याचे डोके दिसत राही.

या अडचणीवर विचार करताना मला सदाशिव पेठेतल्या आजीच्या वाड्यातले माजघर आठवले. सकाळी तिथे पाट मांडले जात, पंगत उठली की जमीन पुसून घेतली जाई, दुपारी तिथेच धान्य निवडले जाई, संध्याकाळी परवचा म्हटला जाई आणि रात्री अंथरुणे पडत. खोली एकच होती, पण तिच्यात कायमचे असे काहीच मांडलेले नव्हते. पाट भिंतीला टेकवून उभे राहत, सुपे खुंटीवर जात आणि बाकी सगळे कोनाड्यांत किंवा फडताळात जाई. आपण खोलीचे कोपरे वाटून देतो, आजीने दिवसाचे प्रहर वाटून दिले होते. लहान घरात हीच वाटणी खरी उपयोगाची आहे, असे माझे ठाम मत झाले, आणि ती साधायची तर टेबलापेक्षा फडताळाचा विचार आधी करायला हवा, हेही लक्षात आले.

काचेचे टेबल विकून टाकले आणि ओळखीच्या सुतारमामांना बोलावले. त्यांच्याबरोबर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात जाऊन प्लाय निवडला. जेवणाच्या टेबलावर पाणी सांडणारच, म्हणून आयएस ७१० प्रतीचा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. भिंतीला लागून पाच फूट लांबीचा, १८ इंच उंचीचा बाक केला आणि त्याच्यापुढे अडीच फूट रुंदीचे टेबल ठेवले. बाकावर बसायला खुर्चीसारखी मागे जागा लागत नाही, हाच त्याचा मोठा गुण. समोरच्या तीन खुर्च्या आत सरकवल्या की टेबल आणि बाक मिळून चार फुटांच्या आत मावतात आणि साडेसहा फूट रुंदीची जमीन मोकळी मिळते. बाकाच्या पोटात झाकणाचे तीन कप्पे आहेत. एक माझा, एक मुलीचा आणि एक ताटल्या, टेबलावरचे कापड यांचा. लॅपटॉप, त्याची वायर आणि वह्या बसल्या जागेवरून हात लांबवून आत ठेवता येतात. कपाट आतल्या खोलीत होते तेव्हा हीच आवराआवर रोज टळत असे आणि जेवणाच्या वेळी सगळा पसारा टेबलाच्या एका टोकाला ढकलला जाई.

उंचीचा प्रश्न मात्र राहिलाच. जेवणाचे टेबल साधारण ३० इंच उंच असते आणि माझ्या ५ फूट २ इंच उंचीला तिथे तासन्तास टंकलेखन केले की खांदे भरून येतात. खुर्चीवर दोन इंचांची गादी घेतली तर पाय अधांतरी राहू लागले. मग आजीचा जुना पाट पायाखाली घेतला. तो पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाटाला पाय लावू नये. जेवायला बसतो आपण त्यावर." त्यांचे म्हणणे मला पटले. सुतारमामांनी उरलेल्या प्लायमधून उतरता पायठेवा करून दिला आणि पाट पुन्हा देवाजवळ गेला.

सर्वांत अवघड होता तो मुलाचा खेळ. काम आणि अभ्यास मिटवून ठेवता येतो, पण ठोकळ्यांचे अर्धवट बांधलेले गाव मिटत नाही, मोडावेच लागते. जेवणाची वेळ झाली की रोज रडारड होई, आणि त्यात चूक त्याची नव्हती. आम्हाला आमचे काम जसे उद्यापर्यंत जपून ठेवावेसे वाटते, तसेच त्यालाही वाटत होते. शेवटी तीन फूट बाय दोन फुटांची एक फळी केली, तिच्या कडांना अर्धा इंचाची पट्टी मारली आणि खाली चार लहान चाके बसवली. सगळे बांधकाम फळीवरच करायचे आणि वेळ झाली की फळी अलगद दिवाणाखाली सरकवायची. दिवाणाखालची उंची त्याने स्वतः पट्टीने मोजली आणि आठ इंचांपेक्षा उंच काही बांधायचे नाही, हा नियमही स्वतःच केला. सध्या फळीवर स्वारगेटचे मेट्रो स्थानक उभे राहत आहे. खरे स्थानक जमिनीखाली आहे, म्हणून हेही दिवाणाखालीच शोभते, असे त्याचे म्हणणे आहे.

दिव्यांची सोय फार खर्चाची नव्हती. टेबलावर जेवणासाठी पिवळसर दिवा आणि अभ्यासासाठी पांढरा, अशी दोन वेगळी बटणे करून घेतली. खिडकी पाठीमागे न घेता बाजूला घेतली, त्यामुळे लॅपटॉपवरच्या ऑनलाइन बैठकीत माझा चेहरा काळा दिसत नाही. फरशीवर ठोकळे पडल्याचा आवाज जाड सतरंजीने बराच कमी झाला आणि खुर्च्यांच्या पायांना तुळशीबागेतून आणलेली रबरी बुचे बसवली.

या सगळ्या फिरत्या मांडणीत एक जागा आम्ही मुद्दाम हलवली नाही. गॅलरीच्या दाराजवळची वेताची खुर्ची सासूबाईंची आहे. त्यांचे गुडघे दुखतात आणि कोणाच्याही कामासाठी किंवा खेळासाठी त्यांना तिथून उठावे लागू नये, हे आधी ठरवून मगच बाकीची मापे घेतली.

भाद्रपदात ही मांडणी पाच दिवस बदलते. टेबल भिंतीशी नेऊन त्यावर गणपती बसतो, खुर्च्या आतल्या खोलीत जातात, माझा लॅपटॉप चौरंगावर येतो आणि देवाजवळचे पाट जमिनीवर उतरून आम्ही सगळे पंगतीने जेवतो. सासूबाई तेवढ्या आपल्या खुर्चीतच जेवतात आणि पहिले ताट त्यांना वाढले जाते.