दुसऱ्याची चिठ्ठी घेऊन हरेगावला

आमच्या नगर जिल्ह्यात आषाढी जवळ आली की दिंड्या पंढरीची वाट धरतात, आणि सप्टेंबर उजाडला की आम्हा ख्रिस्ती माणसांना हरेगावचे वेध लागतात. श्रीरामपूर तालुक्यातलं हे गाव. तिथे मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मारिया हिची, यात्रा भरते. ८ सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिवस, त्याआधी नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, आणि त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी माणसांचा पूर लोटतो. कुणी रेल्वेने श्रीरामपूरच्या बेलापूर स्टेशनात उतरतं, कुणी टेम्पो करून येतं. आम्ही संगमनेरहून पायी निघतो. लोणी, बाभळेश्वर, श्रीरामपूर आणि मग हरेगाव.

यंदा जावं की नाही हेच कळत नव्हतं. अर्धांगवायूच्या झटक्यात ह्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजतं सगळं, शब्द येत नाही. मी निवृत्त नर्स, आयुष्य वॉर्डात गेलं. पण घरातला पेशंट वेगळा असतो, त्याच्या खाटेपासून ड्युटी संपवून उठता येत नाही. नणंद म्हणाली, "वहिनी, दादाला मी बघते. तुम्ही जाऊन या." ह्यांनी डाव्या हाताने दाराकडे बोट केलं.

आमच्या पदयात्रेत एक रीत आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली की एक डबा फिरतो. मनातलं मागणं चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही. ज्यांना चालणं शक्य नाही तेही टाकतात. मग प्रत्येक चालणाऱ्याने एक चिठ्ठी उचलायची आणि हरेगावपर्यंत तेच मागणं वाहायचं. आपलं मागणं दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेलेलं असतं.

माझ्या चिठ्ठीवर वाकड्यातिकड्या अक्षरात होतं: "सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहेत. माउली, त्यांना आता सोडव."

मी डब्यात टाकलेल्या चिठ्ठीत ह्यांना निदान एक शब्द परत मिळू दे, असं मागितलं होतं. आणि हातात आलं हे. पहाटे निघालो, पुढून जपमाळेचा आवाज येत होता, आणि मला त्या दोन ओळींचं काय करावं ते सुचत नव्हतं. कुणाचं मरण कसं मागायचं? पण लिहिणारीचा राग मात्र मला मुळीच आला नाही. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायला उठणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. पाठीवर लाल चट्टा दिसला की पोटात गोळा येतो, तोही ठाऊक आहे. त्या बाईने हे तीन वर्षं केलंय. "सोडव" हा तिचा शब्द थकव्यातून आलाय, आणि मायेतूनही.

मग मी तिच्यासाठी एकेक गोष्ट वेगळी मागायला लागले. सासूबाईंची पाठ शाबूत राहो. सुनेला सलग झोप मिळो. घरातला पुरुष एक रात्र तरी जागो. शेवटी म्हटलं, सोडवायचं कसं आणि केव्हा ते तुझं तू बघ, पण ह्या घराला एकटं टाकू नकोस. हे मागता मागता लोणीपर्यंतचा रस्ता सरला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच पावसाची सर. एका वस्तीवर लोकांनी बोलावून चहा दिला, कुणाचे कोण ते विचारलं नाही.

जपमाळेत येशूच्या आणि मारियेच्या आयुष्यातले प्रसंग वाराप्रमाणे आठवतात, त्यांना रहस्ये म्हणतात. शुक्रवार होता, म्हणून दुःखाची रहस्ये चालली होती. पहिलंच गेथशेमानी बागेचं, येशूच्या अटकेच्या रात्रीचं. ती रात्र मी कितीदा ऐकली असेल, पण वाटेवर चालताना तिचा क्रम नीट ध्यानात आला. पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना प्रभू येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्याच रात्री तो पेत्र ह्या शिष्याला सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. आणि मगच बागेत जाऊन स्वतःसाठी मागतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. म्हणजे स्वतःचं दुःख त्याने लपवलं नाही. पण ते संपेपर्यंत दुसऱ्याचं काम थांबवलंही नाही.

आपल्याकडे सांत्वनाला आलेली माणसं बायबलमधल्या ईयोबाचं उदाहरण देतात. त्याने मित्रांसाठी प्रार्थना केली आणि त्याचं गेलेलं सगळं परत आलं, तेव्हा तूही दुसऱ्याचं कर, देव तुझं बघेल. मला हा हिशेब पटत नाही. ईयोबाला परत मिळालं, खरं आहे. पण क्रुसावरून येशूने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, शेजारच्या चोराला धीर दिला, आईला शिष्य योहानाच्या हवाली केलं, आणि तरी त्याला क्रुसावरून कुणी उतरवलं नाही. मी दुसऱ्यासाठी प्रार्थना करते ती ह्यांची वाचा विकत घ्यायला नाही. दुःखात मी येशूपाशी असते, आणि तो ज्यांच्याकडे बघतोय त्यांच्याकडे मलाही बघावं लागतं, एवढंच मला कळतं.

मुक्कामाला पोचल्यावर माझं ठरलेलं काम सुरू झालं. पाय बघणं. कोमट मिठाच्या पाण्याचं घमेलं, बेटाडिन, गॉज, चिकटपट्टी. फोडावरची कातडी कधी सोलू नये. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढायचं, औषध लावायचं, वर गॉज. पहिल्यांदाच आलेला एक पोरगा पाय पुढे करायला लाजत होता. "मावशी, तुम्ही माझ्या पायाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "बाळा, येशू पाय धुवायला आला तेव्हा पेत्रही हेच म्हणाला होता." मग बसला. त्याच्या टाचेला पट्टी बांधताना त्याने हळूच विचारलं, काकांना आता कसं आहे? त्याच्याकडे माझीच चिठ्ठी आली होती का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

शनिवारी आनंदाची रहस्ये. दुसऱ्या रहस्यात मारिया डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. तिच्या स्वतःच्या पोटी बाळ, पुढे काय होणार ह्याचा पत्ता नाही, आणि ती निघते ती म्हाताऱ्या नातेवाईक बाईच्या मदतीला. सुमारे तीन महिने राहते. श्रीरामपूर ओलांडताना हे म्हणत होतो. हरेगावात रांग फार मोठी होती, रेटारेटीही झाली. मतमाउलीपुढे मी ती चिठ्ठी ठेवली आणि सासूबाईंसाठी पुन्हा एकदा मागितलं.

घरी ह्यांची तब्येत होती तशीच आहे. शब्द आलेला नाही. संध्याकाळी खाटेजवळ जपमाळ म्हणते, तेव्हा ह्यांचे ओठ हलतात, आणि एक रहस्य आम्ही दोघं त्या घरासाठी म्हणतो. ती बाई कोण हे मला माहीत नाही, पण आमच्याच धर्मग्रामात, म्हणजे आमच्याच चर्चच्या लोकांत, ती असेल. म्हणून फादरांना विचारून मी मिस्सानंतर थोडा वेळ थांबायला लागले आहे. कूस कशी बदलायची, चादरीने माणूस कसा वर सरकवायचा, हवेची गादी कधी घ्यायची, हे दाखवायला घरीही येते. तेवढा वेळ नणंद ह्यांच्यापाशी बसते. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी संकोच न करता मला गाठावं.