गेलेला ऑफ तास

आज माझा ऑफ तास पुन्हा गेला. ग्रंथपालांची जागा कपातीत गेल्यापासून वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते. वह्या तपासायच्या राहिल्या आणि मी पुस्तकं देत-घेत बसले. एका मुलीला हवं असलेलं पुस्तक सापडेना. नोंदवही आहे, पण तिच्यातल्या खुणा फक्त आमच्या ग्रंथपालबाईंनाच कळायच्या. कपाटं उघडून झाली, तास संपला, ती "राहू दे बाई" म्हणून गेली.

कपातीच्या बैठकीत सांगितलं होतं, 'वर्गावर परिणाम होणार नाही.' कागदावर ते खरंच आहे म्हणा. विषयशिक्षक एकही कमी झाला नाही. नर्स रोज येत नाही आणि समुपदेशक दोन शाळांत मिळून एक, एवढंच. पण पोटात दुखतंय म्हणून उठलेलं मूल शेवटी माझ्याच टेबलाशी येतं आणि फळ्यावरचं समीकरण अर्धवट राहतं. हा वर्गावरचा परिणाम नाही तर काय?

शाळेचा बहुतेक खर्च पगारांचा असतो. अमेरिकेत तो, विमा-पेन्शनसारखे लाभ धरून, ढोबळमानाने ८० टक्के धरतात. त्यामुळे कात्री चालली की माणूसच कापला जातो, आणि तोही आधी वेळापत्रकात नाव नसलेला. फिलाडेल्फियात जून २०१३मध्ये जवळपास ३,८०० कर्मचाऱ्यांना कमी केलं. त्यात शिक्षक होतेच, पण मधल्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणारे मदतनीस त्यांच्याहून जास्त होते.

त्याच वर्षी शिकागोत सुमारे ५० शाळा बंद करायचं ठरलं. पुढे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या मुलांचे गुण तपासले, तेव्हा दिसलं की घसरण शाळा बंद व्हायच्या आधीच, घोषणेच्या वर्षातच, सुरू झाली होती. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. कारण आमच्याकडेही शाळा दुसरीत विलीन करणार अशी कुणकुण आहे. अजून आदेश नाही, काही नाही, पण दाखले मागायला पालक येऊ लागलेत. एका आईने तर माझ्याकडेच विचारलं, "आत्ताच दुसरीकडे घातलेलं बरं ना?" काय सांगणार? "थांबा" म्हणायला माझ्या हातात तरी काय आहे!

आणि गंमत अशी की प्रत्येक दाखल्यागणिक पट घटतो. निधी पटावर मिळतो, म्हणून तोही घटतो. मुलं मात्र एका वर्गातून जात नाहीत, इथून दोन, तिथून तीन अशी जातात. म्हणजे तुकड्या तेवढ्याच, शिक्षक तेवढेच लागतात, छप्पर तेवढंच गळतं. मग 'पट पुरेसा नाही' हेच शाळा बंद करायचं कारण होतं. अफवा स्वतःच स्वतःला खरी करून घेते.

उद्या एक सर रजेवर आहेत, बदली शिक्षक मिळणार नाही. चौथ्या तासाला दोन्ही तुकड्या माझ्याकडे. बाकं हॉलमधून आणायला मुलांना सांगून ठेवलंय.