साइडहिलला स्लेड टिकेना, मग रेल्स उघडल्या

मागच्या सीझनला कॅनडातल्या रेव्हेलस्टोकच्या बोल्डर माउंटनवर एकाच दिवसात तीन वेळा साइडहिलवरून खाली घसरलो, आणि तिसऱ्या वेळी स्लेड जिथे थांबली तिथून झाडाचा बुंधा हातभर लांब होता. त्या रात्री कॅलगरीला परत येताना चारशे किलोमीटर गाडी चालवत एकच विचार डोक्यात, की माझं नेमकं चुकतंय कुठे.

ज्यांनी स्नोमोबाइल पाहिली नाहीये त्यांच्यासाठी सांगतो, स्लेड म्हणजे स्नोमोबाइलच, पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा पट्टा म्हणजे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, आणि साइडहिल म्हणजे डोंगराच्या उताराला आडवं जाणं. स्लेड डोंगराच्या अंगाला कलती करायची, दोन्ही पाय वरच्या बाजूच्या पाय ठेवायच्या बोर्डवर, खालची स्की हवेत, आणि हँडल चक्क उताराकडे वळवायचं, मग ट्रॅकची एक कड बर्फात रुतते आणि गाडी स्वतःची पायवाट कापत पुढे जाते. जमलं तर झाडांच्या वरून आरामात निघून जाता, नाही जमलं तर त्याच झाडांत जाता. दोन वर्षं मी हेच समजत होतो की माझं तंत्र कच्चं आहे. पण उजवा डोंगर असला की गाडी टिकायची आणि डावा असला की सुटायची, तिन्ही वेळा डावाच होता, तेव्हा म्हटलं आता गाडी उघडून बघू.

माझी स्लेड सेकंडहँड, ८०० सीसी, ट्रॅक १५५ इंची. लोक इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलतात पण डोंगरात गाडी कशी वागणार ते ठरतं ट्रॅकच्या आतल्या स्किडमध्ये. दोन समांतर ॲल्युमिनियमच्या रेल्स, त्यांच्या बुडाला हायफॅक्स म्हणजे प्लास्टिकच्या घसरपट्ट्या ज्यांच्यावरून ट्रॅक सरकतो, वर पुढचा आणि मागचा आर्म, दोन शॉक, आणि लिमिटर स्ट्रॅप. स्किड काढायचं काम दिसतं तेवढं अवघड नाही, आधी मागच्या ॲक्सलला ट्रॅक सैल करायचा, टनेलच्या म्हणजे ट्रॅकवरच्या आवरणाच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार बोल्ट काढायचे, स्लेड कुशीवर आडवी करायची आणि स्किड ओढून बाहेर घ्यायचं.

बाहेर काढून सरळपट्टी लावली तर डावी रेल मागच्या भागात चार मिलिमीटर आत वाकलेली. कधीतरी बर्फाखालच्या ओंडक्यावर आदळली असणार. म्हणजे कलती करताना ज्या कडेवर गाडी तोलायची ती कडच सरळ नव्हती.

त्याहून वाईट पुढे होतं. आधीच्या मालकानं वजन कमी करायला रेल्सना जास्तीची भोकं पाडली होती, दोन्हीत मिळून चौदा. पुढच्या आर्मच्या बोल्टजवळच्या भोकापाशी मला एक काळी, केसाएवढी रेघ दिसली, नखाला लागत नव्हती. माझं रोजचं काम पाइपलाइनच्या वेल्डच्या तपासणीचं, त्यामुळे डाय पेनेट्रंटचे, म्हणजे बारीक भेगा दाखवणाऱ्या रंगाचे, डबे घरीच होते. जागा स्वच्छ पुसली, लाल डाय मारला, पंधरा मिनिटं थांबलो, पुसून पांढरा डेव्हलपर मारला आणि बघत बसलो. आधी काहीच नाही, मग त्या पांढऱ्या पावडरीतून एक लाल रेघ हळूहळू वर आली, भोकाच्या काठापासून निघून थेट बोल्टच्या भोकाच्या दिशेनं, दोन सेंटिमीटर तरी होती. ही रेल ड्रॉपवरून उतरताना तुटली असती तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो.

आणि हे सगळं कशासाठी? हिशोब करून बघा, सहा मिलिमीटर जाड ॲल्युमिनियममध्ये एक इंची भोक पाडलं तर साधारण ८ ग्रॅम कमी होतात, चौदा भोकांचे सव्वाशे ग्रॅमसुद्धा होत नाहीत. ओल्या हातमोज्यांच्या जोडीत यापेक्षा जास्त पाणी असतं. कंपनीनं भोकं जिथे पाडलीत तिथे विचार करून पाडलीत, आर्म जिथे जोर टाकतो त्या जागेत कृपया ड्रिल घालू नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

तर दोन्ही रेल्स नव्या घेतल्या (एकच बदलायची नाही, जुनी आणि नवी नेमकी सारखी नसते), आणि उघडलंच आहे तर मागच्या टोकाला टिप-अप प्लेट्स बसवल्या. या प्लेट्समुळे मागचा ॲक्सल माझ्या गाडीत पाऊण इंच वर गेला. फायदा असा की कडक बर्फावर ट्रॅकचा मागचा भाग टेकत नाही, गाडी लहान ट्रॅक असल्यासारखी पटकन वळते, आणि भुसभुशीत ताज्या बर्फात मागून खाली बसली की पूर्ण लांबी कामाला येते. रिव्हर्स घेताना शेपूट बर्फात खुपसत नाही हा तर मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो, खोल बर्फात अडकून खोदत बसलेल्यांना कळेल.

पण पहिल्याच राइडला चढावर पुढचं तोंड वर उठायला लागलं, स्की हवेत, स्टिअरिंग नाही, आणि मागे ट्रॅक खड्डा खणतोय. संध्याकाळी अण्णांना व्हिडिओ कॉलवर हे दाखवत होतो, ते तासगावकडचे, द्राक्षबाग येण्याआधी घरी बैलगाडी होती. दोन मिनिटं बघून म्हणाले, "आरं गाडी उलाळ हुतीया तुझी. मागं वझं झालं की जू वर उठतंयच. वझं म्होरं घे." मी नुसता बघतच राहिलो, कारण मला जे करायचं होतं ते तेच होतं.

स्लेडला ओझं पुढे घ्यायचं काम लिमिटर स्ट्रॅप करतो. सीटबेल्टसारखा जाड पट्टा, त्याला ओळीनं भोकं, पुढचा आर्म किती खाली जाऊ द्यायचा ते तो ठरवतो. आखूड केला की थ्रॉटल दिल्यावर स्की जमिनीला राहतात, लांब सोडला की पुढचं अंग हलकं होतं. मी एक भोक आखूड केला. चढ सुधारला, पण स्की जड झाल्या आणि गाडी कलती करायला जोर लागायला लागला, म्हणजे साइडहिलला परत तोटा. मग पुढच्या ट्रॅक शॉकचा प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण थोडा वाढवला, त्यानं स्कीवरचा भार थोडा कमी होतो. एका राइडला एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळतच नाही, यात माझे चार वीकेंड गेले पण एकही वाया गेला असं वाटत नाही.

कंपन्यासुद्धा याच प्रश्नामागे आहेत. स्की-डूनं २०१३ च्या समिटमध्ये टी-मोशन आणलं, त्यात स्किड थोडं आडवं लवतं आणि ट्रॅकच्या कडाही लवचिक असतात. आर्क्टिक कॅटनं २०१९ च्या मॉडेलला अल्फा वन देऊन दोन रेल्सऐवजी मधोमध एकच ठेवली. कारण तेच, दोन रेल्समधलं अंतर हीच गाडी कलती करताना आडवी येणारी गोष्ट आहे. मी अल्फा वन एकदा मित्राची चालवून पाहिली, एका बोटानं कलते म्हणायला हरकत नाही, पण कडक ट्रेलवर मला ती जरा डुलल्यासारखी वाटली. माझी पसंती अजून दोन रेल्सलाच.

हायफॅक्सचं थोडक्यात, त्याला थंडावा बर्फाचाच मिळतो. आधीच्या मालकानं बोगी व्हील्सही, म्हणजे ट्रॅकला आतून आधार देणारी छोटी चाकं, काढली होती, त्यामुळे कडक ट्रेलवर जळक्या प्लास्टिकचा वास यायचा. मी दोन व्हील्स परत बसवली आणि स्क्रॅचर्स लावले, ते बर्फ खरवडून रेल्सवर उडवतात, इंजिनाच्या कूलरलाही त्याचा उपयोग होतो.

मार्चमध्ये परत बोल्डरला गेलो, तोच डावा उतार. गाडी कलती केली आणि ती तिथेच राहिली, मी श्वास रोखून झाडांच्या वरून शंभर मीटर आडवा गेलो आणि हेल्मेटच्या आत ओरडलो. पण गाडी चांगली वळायला लागली की आपण आणखी वर, आणखी उभ्या जागी जायला लागतो हेही खरं आहे, आणि याच डोंगरावर २०१० च्या मार्चमध्ये हिमस्खलनात दोन जण गेलेत. निघण्याआधी ॲव्हलांच कॅनडाचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन वाचतो, ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर असल्याशिवाय आमचा ग्रुप पार्किंगमधून हलत नाही.

रेल्स बदलणाऱ्यांसाठी एक राहिलंच. स्किड परत आत बसवताना रॅचेट स्ट्रॅपनं आवळून घ्या, नाहीतर बोल्टची भोकं जुळत नाहीत, आणि टॉर्शन स्प्रिंगच्या जवळ बोटं नेऊ नका. ॲक्सल वर गेल्यामुळे ट्रॅकचं टेन्शन नव्यानं लावावं लागतं, माझं पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर परत सैल झालं होतं. बोल्टच्या डोक्यावर पेंट मार्करनं रेघ ओढून ठेवा, बोल्ट फिरला की लगेच दिसतो, माझा डाव्या बाजूचा मागचा एक फिरलेला सापडला.