वेशीवर मारुती नसलेलं गाव

माझ्या बाबांचं नाव मारुती. शनिवारचा जन्म म्हणून आजीने ठेवलेलं. त्यामुळे दैत्यनांदूरला जायचं ठरलं तेव्हा घरात आधी त्यावरच चर्चा झाली, की बाबांनी यायचं की नाही. बाबा म्हणाले मी येणार, मला बघायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यात हे गाव आहे आणि इथलं ग्रामदैवत म्हणजे निंबादैत्य. हो, दैत्यच. गावात मारुतीचं देऊळ नाही, पोरांचं नाव मारुती ठेवत नाहीत आणि मारुती कंपनीची गाडीसुद्धा कोणी घेत नाही. माझ्या मित्राचं सासर त्याच भागातलं, त्याने आदल्या रात्री फोन करून बजावलं की स्विफ्ट आणू नको, माझी बोलेरो घेऊन जाऊ.

गावात शिरताना खरं सांगतो मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. आपल्याकडे कुठल्याही गावात जा, वेशीपाशी किंवा पाराजवळ शेंदूर फासलेला मारुती असतोच, शनिवारी तेल, गळ्यात रुईच्या पानांची माळ, लहानपणापासून डोळ्याला त्याची इतकी सवय की तो नाही म्हटल्यावर गावाला दारच नाही असं वाटतं. इथे घरांवर आणि गाड्यांच्या काचेवर निंबादैत्याचं नाव, कुठे 'कृपा' कुठे 'प्रसन्न'.

देऊळ जुनं, हेमाडपंथी म्हणतात तसं दगडी. आत एकदम गार. बाहेर एक म्हातारे आजोबा बसलेले, त्यांनी "कुठून आले पाव्हणं?" विचारलं आणि मग नावं विचारली. माझं सांगून झालं, मित्राचं झालं, आणि बाबांनी काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, मारुती. मी एकदम गप्प. आजोबा चिडले वगैरे अजिबात नाहीत. थोडा वेळ बाबांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग आजच्या दिवस तुम्ही आमच्यासाठी लक्ष्मण." म्हणे पूर्वी असाच एक मारुती नावाचा माणूस कामाला आला होता, गावात आल्यावर त्याला कसंतरीच व्हायला लागलं, मग त्याचं नाव बदलून लक्ष्मण केलं आणि तो बरा झाला.

मग त्यांनी कथा सांगितली. निंबादैत्य हा रामाचा भक्त. राम या भागात आलेले असताना मारुतीची आणि त्याची गाठ पडली आणि दोघांची जुंपली, कोणीच मागे हटेना, आणि दोघंही रामाचाच धावा करत होते. शेवटी राम स्वतः आले, त्यांनी दोघांना सोडवलं आणि हे गाव निंबादैत्याला दिलं, त्याच्या मागणीप्रमाणे इथे मारुतीची पूजा होणार नाही असा वर देऊन. हे सांगताना आजोबांनी मारुतीचं नाव एकदाही घेतलं नाही, 'त्यांची' आणि 'यांची' लढाई एवढंच म्हणत होते, आणि 'त्यांची' म्हणताना आवाजात राग नव्हता. दोघंही रामाचेच ना, असं म्हणाले.

मला हे फार आवडलं. बाहेर आपण "दैत्याची पूजा करणारं गाव" एवढंच ऐकतो आणि काहीतरी भयंकर चित्र डोळ्यासमोर येतं, इथे तर भक्ताला राहायला दिलेली जागा आहे. गुढीपाडव्याला यात्रा भरते तेव्हा कामासाठी बाहेर गेलेली माणसं आवर्जून घरी येतात. आजोबांनी गावातल्या एका डॉक्टरांची गोष्टही सांगितली, मारुती गाडी घेतल्यावर पेशंट येईनात, गाडी विकली तेव्हा परत यायला लागले. खरंखोटं मी तपासलं नाही, पण सांगणाऱ्याचा विश्वास पक्का होता आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

निघताना आजोबांनी खोबऱ्याचा तुकडा बाबांच्या हातावर ठेवला, "या लक्ष्मणराव परत पाडव्याला." बाबांनी वाकून नमस्कार केला.

परतीच्या वाटेवर पुढच्याच एका गावाच्या वेशीला मारुती दिसला आणि बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, चपला काढल्या, शर्टाच्या खिशातला तो खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला, "धर जरा," म्हणाले आणि मग देवळात गेले.